गौस पेंटरनं बुजवलेला दगड

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत गौस पेंटरचं घर कुणालाही विचारा, बोट धरून नेऊन दाखवतील. पण घरात गौस सापडेल याची हमी कुणी देणार नाही. माणूस एका जागी टिकतच नाही. चहा सांगतो आणि कप येईपर्यंत पलीकडच्या पानपट्टीवर पोचलेला असतो. जेवायला बसला की दोन घास खाऊन उठतो, दारापर्यंत जातो, गल्लीत डोकावतो, परत येतो. वय चौसष्ट, गुडघे कुरकुरतात, तरी पायाला भिंगरी. त्याची बायको मदिनाबी येईल त्या पाहुण्याला सांगते, "निकाह के टैम काझीसाब बोले बैठो, उत्ताच बैठे इनो."

हात मात्र सोन्याचा. सोलापुरापासून पार केमच्या पुढंपर्यंत स्टेशनांच्या पिवळ्या पाट्यांवरची काळी अक्षरं तीस वर्षं या माणसानं काढली. पट्टी नाही, दोरी नाही, नुसत्या नजरेच्या अंदाजानं. पुढं छापील अक्षरं आली, चिकटवायचे कागद आले आणि गौस घरी बसला. बसला म्हणजे काय, ते वर सांगितलंच.

रेल्वेचं रंगकाम काय चीज असते ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. वर्षाकाठी मोठ्या साहेबाची तपासणी येते. ती येणार म्हटलं की स्टेशनात लगीनघाई. झाडांच्या बुंध्यांना गेरू, वर चुन्याचा पट्टा. नळाला निळा, कचऱ्याच्या डब्याला हिरवा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'मला वापरा'. फलाटावर झोपलेलं कुत्रं तेवढं वाचायचं, तेही वेळेवर उठून गेलं म्हणून. साहेबाची खास गाडी येणार, दहा मिनिटं थांबणार, साहेब दोन भिंती बघणार, अर्धा कप चहा पिणार आणि जाणार. त्या दहा मिनिटांसाठी ठेकेदार गौसला आठ दिवस पिळून काढायचा. घाईघाईत रंगाखाली काय काय जायचं, ते एकट्या गौसला ठाऊक.

त्यातली एक गोष्ट अशी, की गेली अठ्ठावीस वर्षं तिनं त्याला धड बसू दिलेलं नाही. ती आधीच सांगून टाकलेली बरी, उगाच लपवाछपवी कशाला.

कुर्डुवाडीच्या पुढं बोरखडी रोड नावाचं स्टेशन. खरी बोरखडी तिथून तीन मैल आत. पण कोळशाची इंजिनं पाणी प्यायला इथं थांबायची, म्हणून स्टेशनाभोवती रेल्वेवाल्यांची वस्ती झाली, मग बाजार आला, मग हायस्कूल आलं, आणि मूळ गावापेक्षा हे रोडच मोठं होऊन बसलं. स्टेशनामागं विहीर आहे. शंभर वर्षांपूर्वी ती खणताना एक बाजू ढासळली आणि सहा माणसं गाडली गेली. बरोबरच्या मजुरांनी एका काळ्या दगडावर सहा नावं खोदली, जमतील तशी, आणि तो दगड विहिरीच्या कठड्यात बसवला. कुठल्या दप्तरात त्याची नोंद नाही, कागद नाही, फोटो नाही. जे काही होतं ते त्या दगडावर होतं.

गौस तेव्हा छत्तीस वर्षांचा. तपासणीच्या आदल्या दुपारी फर्मान आलं, विहिरीच्या कठड्यावर 'पाणी हेच जीवन' लिहायचं, साहेबाला असलं आवडतं. ठेकेदारानं बजावलं, भिंत आरशासारखी गुळगुळीत पाहिजे. आणि नेमका मधोमध तो दगड, नुसत्या खाचाखोचा. पेंटरला खाच दिसली की त्याचा हात आपोआप लांबीकडं जातो. लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून केलेला लगदा; लोखंडी पत्तीनं दाबून भरला की खड्डा दिसेनासा होतो. गौसनं लांबी मळली. पहिली पत्ती ओढता ओढता त्यानं एक नाव वाचलं, 'रंभाबाई'. पत्ती जरा थांबली. मग 'असेल कुणीतरी' म्हणून त्यानं ते भरून टाकलं. बाकीची पाच नावं त्यानं वाचलीसुद्धा नाहीत. वर पांढऱ्याचे दोन हात मारले आणि त्यावर निळ्या अक्षरांत जीवन. काम लई देखणं झालं होतं.

रंभाबाई ही महिपतीची आजी. महिपती म्हणजे स्टेशनातला पाणीवाला. उन्हाळ्यात गाडी आली की बादली आणि ओगराळं घेऊन खिडकी खिडकीशी पळणारा. रंभाबाई मातीची पाटी घेऊन विहिरीत उतरली आणि वर आलीच नाही, तेव्हा तिचं तान्हं पोर बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपलं होतं. ते पोर म्हणजे महिपतीचा बाप. दर पितृपंधरवड्यात महिपती त्या दगडापुढं निवद ठेवायचा. बाकीच्या पाच जणांची माणसं केव्हाच परमुलखात गेलेली; महिपतीखेरीज त्या दगडाकडं कुणी ढुंकून बघत नसे. तपासणीच्या सकाळी त्यानं कठडा पाहिला आणि तो थेट साहेबाच्या वाटेत जाऊन उभा राहिला. "माज्या आज्जीचा दगड कुटं हाय?" साहेबानं ठेकेदाराकडं पाहिलं, ठेकेदारानं गौसकडं. साहेबानं हिंदीत विचारलं, तिथं काय होतं? गौस म्हणाला, काही नव्हतं साहेब, जुनं प्लास्टर होतं.

झालं. महिपतीवर दारू पिऊन धिंगाणा घातल्याचा ठपका आला. माणसानं जन्मात दारूला हात लावलेला नाही. फलाटावरून उचलून त्याला लांबच्या गँगमध्ये खडी भरायला टाकलं. स्टेशनाजवळची खोली गेली. आणि गावानं त्याचं नाव पाडलं दगड्या.

गौसला घरी दोन लहान मुली होत्या, ठेकेदाराची भीती होती, सगळं खरं. पण खरं ते खरं, तो भ्याला आणि खोटं बोलला. मनाची समजूत त्यानं अशी घातली की लांबीच आहे, सिमेंट थोडंच आहे. पुढच्या वर्षी गुपचूप काढून टाकू. पुढच्या वर्षी त्यानं त्यावर आणखी एक हात मारला. त्याच्या पुढच्या वर्षीही. असे किती हात झाले ते त्याला पाठ आहे, पण तो सांगत नाही.

तर गेल्या फेब्रुवारीत फोन आला.

"गौसचाचा का? मी रुद्राणी बोलते, बोरखडी रोडच्या हायस्कुलातून. इतिहास शिकवते. रविवारी आम्ही गावातल्या जुन्या जागा बघत फिरणार आहोत, गावकऱ्यांना घेऊन. कॅबिन, मालधक्का, सगळं. स्टेशनातले म्हणाले, इथल्या भिंतींचं काही विचारायचं तर शुक्रवार पेठेत विचारा. याल ना? आणि नंतर एक बोर्ड रंगवायचाय, गावातल्या ऐतिहासिक जागांचा. तो तुमच्याच हातचा हवा."

गौस बोलत बोलत गल्लीच्या टोकाला पोचला होता. त्यानं विचारलं, "विहीर आहे का यादीत?"

"कुठली, ती मागची? नाही हो चाचा, तिच्याबद्दल काहीच माहिती नाही. आणि ती पुढच्या महिन्यात बुजवणार आहेत म्हणे, जागा लागतेय."

पुढचे तीन दिवस मदिनाबीला नको नको झालं. गौस बाहेरून आत, आतून बाहेर. भिंतीला टेकला की नखानं पोपडे उचकटायचा, न्हाणीघराच्या दाराचा अर्धा रंग त्यानं असाच काढला. नमाजाला गेला तर चप्पल दुसऱ्याची घालून आला. शेवटी तिसऱ्या दिवशी मदिनाबीनं त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि विचारलं, क्या हुआ जी. तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा.

मदिनाबीनं तो कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मैं समझी मूळव्याध है. इत्ते साल से डाक्टर कू दिखाव बोल री मैं." आणि पदर डोळ्याला लावून म्हणाली, "जाव. इत्वार कू जाव. बोलके आव उस बिचारे कू."

रविवारी सकाळची पॅसेंजर त्यानं धरली. पिशवीत पत्ती, छोटी हातोडी, पॉलिशपेपर आणि एक दाभण. गाडीत जागा भरपूर होती, तरी तो दारात उभा. मोहोळला बसला, माढ्याला उठला, कुर्डुवाडीला खाली उतरून उगाच डब्यांच्या कडेनं चालत गेला आणि शिट्टी झाल्यावर धावत येऊन चढला. एका बाईनं विचारलंही, चाचा, काही हरवलंय का. तो म्हणाला, नाही, सापडायचंय. ती बाई सरकून बसली.

फेरी दहाला होती. गौस साडेआठलाच महिपतीच्या दारात. रेल्वे फाटकापलीकडं पत्र्याचं दोन खोल्यांचं घर. अंगणात बाजेवर महिपती सुपात डाळ निवडत बसलेला. सत्तरी उलटलेली, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. त्यानं मान वर केली, बराच वेळ निरखून पाहिलं आणि त्याच्या तोंडावर हसू आलं.

"गौसभाई का? या की. लई दिसांनी वाट चुकला."

त्या हसण्यानंच गौसचं अर्धं अवसान गेलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो बसला नाही. उभ्या उभ्याच, अंगणात येरझाऱ्या घालत, त्यानं सांगून टाकलं. दगड होता. मी लांबी भरली. साहेबापुढं खोटं बोललो. तुझं सगळं वाटोळं माझ्यामुळं झालं. एवढं बोलायला त्याला अठ्ठावीस वर्षं लागली, आणि बोलून झालं ते चार वाक्यांत.

महिपतीनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग दुसरा.

"गौसभाई," तो म्हणाला, "तुमी भला माणूस हाय. पर माज्यासाटी खोटं कशाला बोलताय?"

"अरे, खोटं तेव्हा बोललो. हे खरं बोलतोय."

"न्हाय न्हाय. तितं काय न्हवतं. माजंच डोकं फिरलं हुतं. बानं ल्हानपणी कायबाय सांगितलं आसंल, ते मला दिसाय लागलं. डाक्टरबी तसंच म्हणला. पंदरा-इस वर्सं मी सगळ्या गावासंगं भांडलो. मास्तरसंगं, सरपंचासंगं, सोताच्या पोरासंगं. मंग इचार केला, आख्खं गाव येडं आन् मी एकटाच शाना, आसं आसतंय का कुटं? सोडलं बगा. निवदबी बंद केला. आता झ्वाप लागती."

"मी नाव वाचलंय, महिपती. रंभाबाई. या डोळ्यांनी."

"ते नाव हितल्या कुत्र्याला सुदिक म्हाईत हाय. मीच वरडून वरडून सांगितलंय की." महिपती पुन्हा हसला. "कुणीतरी तुमच्या कानावर घातलं आसंल, म्हातारा आता फार दिसाचा न्हाय म्हून. म्हून आला. बरं वाटलं. बसा, च्या घ्या."

गौसला काय करावं कळेना. तो माफी मागायला आला होता, शिव्या खायला आला होता, पायावर डोकं ठेवायचीही तयारी होती त्याची. आणि इथं ज्याचं खरं आपण बुडवलं तोच आपल्या खोट्याची बाजू घेऊन भांडतोय. लबाडी करून माणसाची नोकरी घालवली, खोली घालवली, एवढंच आजवर गौसच्या हिशोबात होतं. त्याचं स्वतःच्या डोळ्यांवरचं इमान आपण घालवलं, हे त्या अंगणात पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं.

"मग चल माझ्यासंगं," तो म्हणाला. "गावफेरी आहे. फिरायला तरी चल."

महिपतीनं सूप बाजूला ठेवलं, काठी घेतली. "चला. तेवढंच पाय मोकळं."

स्टेशनासमोर तीसेक माणसं जमली होती. दुकानदार, निवृत्त रेल्वेवाले, बचत गटाच्या बाया, मोबाइल हातात घेतलेली हायस्कुलातली पोरंपोरी. रुद्राणी मॅडम तिशीच्या, उन्हाची टोपी घातलेल्या, हातात यादी. जागा दहा. त्यांनी गौसची ओळख करून दिली, आणि गौसनं लगेच चालायला सुरुवात केली.

खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यानं जे दाखवलं ते कुणाला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. कॅबिनच्या दारावर त्यानं नखानं रंगाचा टवका उडवला आणि म्हणाला, हा वरचा पिवळा माझा. त्याखालचा हिरवा माझ्या उस्तादाचा. त्याखाली हा तांबूस, तो साहेबी अमदानीतला, यात शिसं असायचं, चाटला तर माणूस मरेल. पोरं खाली वाकून बघायला लागली. मालधक्क्याच्या कमानी त्यानं दाखवल्या, दगड कुठल्या खाणीचा ते सांगायला लागला आणि वाक्य अर्धं टाकून पुढं निघाला. इंजिनाला पाणी पाजायचा लोखंडी खांब, ज्याला गाव सोंड म्हणतं, तो आला. इंजिन उलटं फिरवायची चकरी आली. तिच्या गोल खड्ड्यात आता पोरं क्रिकेट खेळतात. ड्रायव्हर लोकांच्या विश्रांतीच्या खोलीत भिंतीत विस्तव शेकायची जागा केलेली आहे, ती बघून बचत गटाच्या बाया खूप हसल्या. सोलापूरच्या उन्हात शेकोटी कुणाला लागायची, म्हणे. घंटेच्या जागी टांगलेला रुळाचा तुकडा आला, त्यावर एकानं दगड मारून बघितला. आवाज अजून खणखणीत होता.

"चाचा, जरा दमानं," रुद्राणी मॅडम म्हणत होत्या. "माणसं मागं राहिलीत."

गौसला दम निघत नव्हता. दर जागेला तो मान वळवून बघायचा, महिपती येतोय ना. महिपती सगळ्यांच्या मागं काठी टेकत येत होता, फेरी त्याला मजेची वाटत होती.

दहावी जागा झाली. टाळ्या झाल्या. तेवढ्यात एक किराणा दुकानदार मोठ्यानं म्हणाला, "दगड्या, तुझी विहीर राहिली की रे. दाखव की मॅडमला आज्जीचा दगड." सगळे हसले. रुद्राणी मॅडमना काय ते कळलं नाही, तरी त्या हसल्या. आणि महिपतीही हसला. त्यांच्यासारखाच, त्यांच्याच बरोबरीनं, मान हलवत.

गौसला ते बघवलं नाही. तो काही न बोलता स्टेशनामागं चालायला लागला. माणसं आधी घुटमळली, मग उत्सुकता म्हणून मागं गेली. विहिरीचा कठडा पांढरा, त्यावर त्याच्याच हातची निळी अक्षरं, उन्हानं फिकटलेली. गौस गुडघ्यावर बसला, पिशवी उघडली आणि पत्ती लावली.

रंगाचे थर एकावर एक बसलेले, पण ओल धरून आतून सुटलेले. पहिला तुकडा तळहाताएवढा निघाला, जाड, भाकरीच्या पापुद्र्यासारखा. मग दुसरा. मध्ये हातोडीचा हलका ठोका, पुन्हा पत्ती. 'जीवन' गेलं, 'हेच' गेलं. पंधरा मिनिटांनी निम्मी माणसं कंटाळून चहाला गेली. गौसच्या कपाळावरून घाम पत्तीवर टपकत होता. अर्ध्या तासानं काळा दगड दिसला. त्याच्या खाचांत पिवळी पडलेली, हाडासारखी टणक लांबी. त्यानं दाभण काढली आणि एकेक खाच टोकरायला सुरुवात केली. लांबीनं एक मात्र केलं होतं, खाली अक्षराची एकही कड झिजू दिली नव्हती.

रुद्राणी मॅडम वाकल्या. "रं," त्या म्हणाल्या. "भा. बा." मग त्या वळून ओरडल्या, "अहो या इकडं, सगळे या." चहाला गेलेले धावत आले. मोबाइल वर झाले. दुकानदाराच्या तोंडाचा आ वासला तो मिटेना.

आणि मग जे झालं ते गौसच्या स्वप्नातही नव्हतं. रुद्राणी मॅडम मोबाइलसमोर बोलायला लागल्या, की आपल्या गावाचा हरवलेला इतिहास आज गौसचाचांनी शोधून काढला, तीस वर्षांचा अनुभव, काय ही नजर. निवृत्त रेल्वेवाल्यांपैकी एकानं त्याची पाठ थोपटली. पाहुण्यासाठी आणलेली शाल नि नारळ कुणीतरी पुढं केलं, आणि गौस अजून गुडघ्यावर होता तोवर त्याच्या खांद्यावर शाल पडलीसुद्धा. टाळ्या वाजल्या.

आता बघा, किती सोपं होतं. दगड सापडला. महिपती खरा ठरला. विहीर आता कोण बुजवतंय? सगळ्यांचं भागलं. गौसनं नुसतं तोंड मिटून ठेवायचं होतं, आणि तोंड मिटून ठेवायची त्याला अठ्ठावीस वर्षांची सवय होती. खोटं का बोला, मोह झाला त्याला. शाल मऊ होती.

गर्दीतून वाट काढत महिपती पुढं आला. त्यानं चष्मा काढला, दगडाला नाक लागेल इतका वाकला आणि पहिल्या अक्षराच्या खाचेत बोट घातलं. मग दुसऱ्या. नावाच्या शेवटापर्यंत बोट नेलं आणि परत पहिल्यापासून फिरवलं. मग तो कठड्याला टेकून मातीत बसला. कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, फक्त गौसशी, तो बोलला.

"जगदेवी गेली दोन वर्सांमागं. माजी मालकीण. लोकांनी तिलाच जास्त छळलं, नळावर, बाजारात, दगड्याची बायकू म्हून. शेवटाला म्हणली, एकदा तरी कबूल करा की तितं काय न्हवतं, म्हंजी मी सुकानं जाते. मी तिचा हात धरला आन् म्हणलो, न्हवता गं दगड. तुजी शपत, न्हवता. मला वाटलं खरंच बोलतोय मी." त्यानं गौसकडं पाहिलं. डोळे कोरडे होते. "आता तिला कोण सांगणार, गौसभाई?"

गौसनं हात जोडले. "मला माफ—"

"माफीचं मागनं बगू." महिपतीचा आवाज एकदम बदलला. सकाळचा तो हसरा म्हातारा कुठल्या कुठं गेला. "तवा सायबाम्होरं किती लोकांत बोलला हुता तुमी?"

"सगळा फलाट होता."

"मंग आताबी सगळ्यांत बोला."

गौस उठला. कठड्याचा आधार घेऊन उठला. शाल काढून त्यानं रुद्राणी मॅडमच्या हातात दिली. त्यांना वाटलं, चाचांना उकडतंय. समोर तीस माणसं, मोबाइल अजून त्याच्यावर रोखलेले, सगळ्यांच्या तोंडावर कौतुक. त्याला पळून जावंसं वाटलं. स्टेशन पन्नास पावलांवर होतं.

"मी काय शोधून काढलेलं नाही," तो म्हणाला. "हा दगड मीच बुजवला होता. नाव वाचून बुजवला. आणि साहेबानं विचारलं तेव्हा, काही नव्हतं म्हणालो. महिपती खरं बोलत होता. प्यालेला नव्हता. वेडा नव्हता. मी खोटा."

तोंडांवरचं कौतुक कधी मावळलं ते कळलंच नाही. एका मुलीनं मोबाइल खाली घेतला. दुकानदार आपल्या चपलांकडं बघायला लागला. रुद्राणी मॅडम हातात शाल घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

महिपती काठीवर जोर देऊन उभा राहिला. त्यानं धोतराची माती झटकली.

"आजून मोठ्यानं," तो म्हणाला. "मागच्यास्नी ऐकू गेलं न्हाय."

गौसनं छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.